घागरीवरचं डांगर

“लिलू, उद्या आमच्या पाटावर तुला बसायचंय,” तोताराम आप्पा दारातूनच म्हणाले. “डिगूचा पितर म्हणून.”

मी ओट्यावर दाढी करत बसलो होतो. गालावरचा वस्तरा गालावरच राहिला.

“मी? नको ना आप्पा. भिकनला सांगा. तो डिगूपेक्षा सहाच महिन्यांनी मोठा.”

“भिकनचं मी म्हटलं होतं. पण डिगूच्या मायनं तुझंच नाव धरलंय. म्हणे, लिलू नाहीतर कोणीच नाही.”

“मला बरं नाही, आप्पा. कालपासून अंग कसकसू राहिलं.”

“हो का? आणि सकाळी चार भाकरी कोणी हाणल्या रे?” माझी माय आतून ओरडली. सांजोऱ्यांच्या रव्यानं माखलेले हात घेऊन तशीच बाहेर आली. “तुम्ही जा आप्पा, तो येईल. पितराचं आवतण कोणी मोडतं का? आणि डिगू काय परका होता? एका ताटात जेवली दोघं.”

आप्पा ‘बरं’ म्हणाले आणि काठी टेकत गेले. वर्षापूर्वी हाच माणूस केळीचे दोन घड दोन खांद्यांवर घेऊन चालायचा. मी उरलेली दाढी कशीबशी उरकली आणि हनुवटीला कापून घेतलं.

आता तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असाल तर तुम्हाला सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेला तुमच्याकडं लोक सोनं घेतात म्हणे. आमच्या खानदेशात तिला आखाजी म्हणतात, आणि त्या दिवशी आमच्याकडं मेलेली माणसं घरी येतात. पाणी प्यायला. वैशाखात तापीकाठचं ऊन एकदा अंगावर घ्या, म्हणजे मेलेल्यांनासुद्धा तहान का लागते ते कळेल. कुंभाराकडून नवी लाल घागर आणायची, पाण्यानं भरायची, तिच्या तोंडावर एक डांगर ठेवायचं. डांगर म्हणजे खरबूज, भोपळा समजून हसू नका. शेजारी दोन आंबे, सांजोरी. चुलीतल्या निखाऱ्यांवर तूप-पोळीचा घास टाकायचा आणि एकेका पितराचं नाव घ्यायचं. हे होईपर्यंत घरात कोणी आंबा चाखायचा नाही की डांगर फोडायचं नाही. आधी पितरांच्या तोंडी, मग आपल्या. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं त्यातच अडकलंय.

आणि ज्याची पहिलीच घागर असेल, त्याच्या वयाचा, त्याच्या ओळखीचा एक जिता माणूस आमच्या गावात पाटावर बसवतात. जेवण संपेपर्यंत तो जिता नसतो. त्याचे पाय धुतात, त्याला मेलेल्याच्या नावानं हाक मारतात. ताटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत घरची बाई त्याला तीनदा विचारते, ‘तहान भागली का?’ त्यानं तिसऱ्यांदा ‘भागली’ म्हटलं की मगच घरातली माणसं जेवायला बसतात. शेवटी त्याला टॉवेल-टोपी देऊन वाटेला लावतात. ‘नाही भागली’ असं कोणी म्हटल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. घरची माणसं उपाशी ताटकळत असताना कोण असं म्हणेल?

डिगू गेला तो आदल्या वर्षी, आखाजीला तीन दिवस उरले असताना. नाल्याकाठच्या बाभळीखाली एका गुराख्याला तो सापडला. ऊन लागून गेला, असं सगळ्यांनी म्हटलं. घरात सुतक, त्यामुळं त्या आखाजीला घागर नाही. म्हणजे गावाच्या हिशेबानं पोरगा वर्षभर तहानलेलाच फिरत होता. त्याची माय, सुपडामाय, हिनं त्या उन्हाळ्यात घरात माठ धरला नाही. बादलीतलं कोमट पाणी प्यायची. कोणी काही म्हटलं तर म्हणायची, “माझं पोरगं तापलेल्या वाळूत आणि मी गार पाणी पिऊ?”

गावात एक गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती. त्या दुपारी बाभळीपर्यंत मी डिगूच्या बरोबर होतो. मी सगळ्यांना सांगितलं होतं की तो नदीवर मागंच राहिला, भोयाच्या झोपडीत गप्पा मारत बसला, मी एकटाच पुढं आलो. पोलीस पाटलालाही तेच सांगितलं. सगळ्यांचा विश्वास बसला. फक्त माझा गमछा कुठं गेला ते मला कळत नव्हतं. गमछा मी डिगूच्या डोक्यावर टाकला होता. मढं गावात आणलं तेव्हा त्याच्या अंगावर तो नव्हता. गमछ्याच्या कोपऱ्याला माझ्या मायनं लाल दोऱ्याचे तीन टाके घातले होते, नदीवर धुताना अदलाबदल होऊ नये म्हणून. वर्षभर मी गावातल्या प्रत्येक खांद्यावरचा गमछा बघत हिंडलो. कुठंच दिसला नाही. वाऱ्यानं उडाला असेल, नाल्यात गेला असेल, असं मनाला सांगून सांगून मी थोडाफार निवांत झालो होतो. तेवढ्यात हे आवतण.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. गल्लीतल्या निंबाला झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. चावडीजवळच्या मोठ्या निंबाखाली बाप्ये पत्ते कुटत बसले होते. आखाजीच्या आठवड्यात पत्त्यांना आमच्याकडं मोकळीक असते, सासराही जावयाला नको म्हणत नाही. मला पाहून भिकन ओरडला, “काय रे भो, आज तू मेलेला ना? मग सावली कशी पडू राहिली तुझी?”

सगळे हसले. मीही हसलो. हसलो नसतो तर कोणी विचारलं असतं.

सुपडामायनं दारातच माझे पाय धुतले. मी पाय मागं ओढला, तर तिनं घोटा घट्ट धरला.

“राहू दे रे डिगू. किती चालून आला असशील.”

बाई ठेंगणी, हडकुळी. पण हात असा की केळीच्या बागेत तिच्या बरोबरीनं तण निंदायला कोणी पुरं पडत नसे. तिनं माझ्या पायांना हळद-कुंकू लावलं आणि मला घागरीसमोरच्या पाटावर बसवलं. नवी घागर पाझरत होती. खालची वाळू ओली झाली होती. घागरीच्या तोंडावर एक मोठं पिवळं डांगर, जाळीजाळीच्या सालीचं. त्याचा वास घरभर भरला होता. 

आप्पांनी निखाऱ्यावर घास टाकला. आपल्या बापाचं नाव घेतलं, आज्याचं घेतलं, आईचं घेतलं. चौथा घास हातात घेतला आणि तोंडातून नावच फुटेना. नुसते ओठ हलले.

“घ्या ना नाव,” सुपडामाय म्हणाली. “तो समोरच तर बसलाय.”

“डिगंबर,” आप्पा म्हणाले. तूप चरचरलं.

मग तिनं डांगर उतरवलं. कोयता घेतला, एका घावात दोन फाकी केल्या. बिया काढल्या, एक फोड कापली आणि ताटात न ठेवता सरळ माझ्या तोंडापुढं धरली.

“खा रे. आधी तू. खा.”

मी खाल्ली. गोड होती. अजून सांगतो, इतकं गोड डांगर मी कधी खाल्लं नव्हतं, आणि घशाखाली उतरेना. मी घोटभर पाणी पिऊन ती ढकलली.

“तहान भागली का, डिगू?”

“भागली,” मी म्हणालो.

पहिल्यांदा खोटं बोलताना काही वाटलं नाही, खरंच सांगतो. रिवाजच होता तो. सगळेच म्हणतात.

पुरणपोळी वाढली, आमरस, कुरडया, वड्या. ती समोर बसून पंख्यानं वारा घालत होती. आप्पा उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसले होते, सकाळपासून उपाशी. माझं लक्ष ताटात नव्हतंच. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, आणि डांगराच्या त्या वासानं मला नाल्याकाठी नेऊन सोडलं होतं.

डांगरं आणायलाच गेलो होतो आम्ही. नदीच्या वाळूत भोई लोक वाड्या लावतात. दोघांच्या घरच्या घागरींसाठी पाच-पाच डांगरं घेतली, एकेक पोतं पाठीवर टाकलं. परतताना ऊन डोक्यावर. आणि माझ्या डोक्यात आदल्या दिवसाचं वेगळंच ऊन. झालं असं होतं की चावडीच्या निंबाखाली भर डावात डिगू म्हणाला होता, “लिलू, बाहीतलं पान काढ.” दहा-बारा जण हसले. मी आईची शपथ घेतली. आणि डिगूनं माझी बाही झटकली. पान खरंच होतं बाहीत. इस्पिकचा राजा. त्या क्षणापासून मी त्याच्याशी सरळ बोललो नव्हतो. तो मात्र नदीवर जायला सकाळी हाक मारत आला, जसं काही झालंच नाही.

नाल्याजवळ तो थांबला.

“लिलू, थांब भो. डोळ्यांपुढं अंधारी येऊ राहिली.”

“चल, सोंगं पुरे.”

डिगू सोंगाड्याच होता. आदल्या पोळ्याला साप चावल्याचं सोंग करून त्यानं अर्धं गाव पळवलं होतं. म्हणून मला खरं वाटलं नाही, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो.

“सोंग नाही रे. पाणी हाय का?”

पाणी नव्हतं. फिरकीच्या तांब्यातला शेवटचा घोट मीच घेतला होता, त्याला न विचारता.

“मग एक डांगर फोड.”

“पितरांचं? आखाजीच्या आधी?”

“माझ्या पोत्यातलं फोड. माझ्या आज्याला मी समजावीन. म्हणीन, नातवाला लागलं होतं.”

तो हसला, पण खाली बसला. विळा माझ्या कमरेला होता.

“तुझ्या मायला काय सांगायचं?” मी म्हणालो. “पितरांच्या आधी लेकानं उष्टावलं म्हणून? मी नाही बाप्पा असलं पाप करणार.”

काय पण धर्म सुचला होता मला! मी त्याला बाभळीच्या सावलीत बसवलं, गमछा डोक्यावर टाकला आणि म्हणालो, “बस. गावातून पाणी पाठवतो.” आणि विळा कमरेला तसाच ठेवून निघालो.

“डिगू,” सुपडामाय म्हणाली, “पोळी घे ना अजून. तुला तर चारही पुरत नव्हत्या.”

मी मान हलवली. तिनं घागरीतून दुसरा तांब्या भरला, पेला माझ्या हातात दिला.

“तहान भागली का?”

“भागली.”

या खेपेला माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.  तिनं पंखा खाली ठेवला आणि ती आप्पांकडं वळली.

“विड्याची पानं राहिली की हो. भिकनच्या घरून दोन पानं घेऊन या.”

“आता? आधी त्याला उठू दे, आम्ही जेवू, मग—”

“पितराला पानाशिवाय उठवता का? जा ना.”

आप्पा पुटपुटत उठले. त्यांची काठी गल्लीच्या वळणाला पोचेपर्यंत ती ऐकत राहिली. मग माझ्यासमोर मांडी घालून बसली.

“लिलू,” ती म्हणाली.

पाटावर बसल्यापासून तिनं मला पहिल्यांदा माझ्या नावानं हाक मारली. 

“मढ्याजवळ पोतं होतं,” ती म्हणाली. “त्याचं तोंड सुटलं होतं. चार डांगरं पोत्यात, पाचवं त्याच्या पोटाशी धरलेलं. आपटून फोडायचंही बळ उरलं नव्हतं त्याच्यात, सालीवर नुसती नखं उमटली होती. अशी.”

तिनं माझ्यापुढची डांगराची साल उचलली आणि आपली पाचही नखं तिच्यावर ओढली. खर्रकन आवाज झाला. पांढरे चरे उमटले. साल फुटली नाही.

“मायजी...”

“थांब. मला बोलू दे, वर्षभर बोलले नाही. माझं पोरगं कसं होतं ते तुला सांगायला नको. देवापुढचा नैवेद्य चोरून खायचं. मी पाठीत धपाटा घालायची, ते पुन्हा खायचं. त्याला पितरांचा धाक होता होय? विळा जवळ असता तर त्यानं पाचही फोडली असती आणि घरी येऊन मलाच सांगितलं असतं, माय, पितर आज माझ्या तोंडानं जेवले. दोन पोरं डांगरं आणायला गेली, विळा एकच नेला. विळा कोणाजवळ होता, लिलू?”

मी खाली ताटात बघत होतो. आमरसावर माशी बसली होती. ती हाकलायलाही हात उचलेना.

“आणि गमछा मी काढला त्याच्या डोक्यावरून. गुराख्यानं हाक मारली तेव्हा सगळ्यांत आधी मी पोचले होते. लाल टाके पाहिले आणि पदराखाली घातला. कोणाला दिसू दिला नाही.”

“का?” मला तेवढंच विचारता आलं.

“आप्पांना दिसला असता तर त्यांनी तुला उभा कापला असता. मग आप्पा तुरुंगात, तू मसणात, आणि पाटावर बसायला कोण उरलं असतं? डिगूला पाणी कोणाच्या तोंडानं पाजलं असतं मी?” तिचा आवाज चढला नाही. पोळी वाढताना होता तसाच होता. “आता तिसऱ्यांदा विचारते. नीट ऐक. पाटावरून जे बोलशील ते तुझं नाही, त्याचं बोलणं. म्हणून खोटं बोलू नको. तहान भागली का?”

दूर झोक्यावरच्या पोरी हसत होत्या. मला उठून पळता आलं असतं. चोवीस वर्षांचा गडी मी, ती मूठभर म्हातारी. पण उत्तर दिल्याशिवाय पितर उठत नाही, हे माझ्या हाडात भिनलेलं. ज्या रिवाजाच्या आड मी लपलो होतो त्याच रिवाजानं मला पाटाला खिळवलं होतं.

आणि मला चावडीचा निंब दिसू लागला. त्या दुपारी मी तिथं पोचलो तेव्हा पानं वाटून झाली होती. भिकन म्हणाला, “डिगू कुठंय?” मी म्हणालो, “येऊ राहिला मागून.” मग कोणीतरी सरकून मला जागा दिली. कालचं हसणं विसरून मला डावात घेतलं, म्हणून मी बसलो. एक डाव झाला. दुसरा झाला. मी विसरलो होतो, असं म्हणायला मी मोकळा आहे. पण विसरलो नव्हतो. तीनदा उठावंसं वाटलं आणि तीनदा मनात आलं, राहू दे, वाळू दे जरा, जिरू दे त्याची. पितर नव्हते आणि पाप नव्हतं आणि सोंगही नव्हतं. इस्पिकचा राजा होता तो, दुसरं काही नाही.

“नाही,” मी म्हणालो. “नाही भागली. डांगर मागितलं होतं, दिलं नाही.”

सुपडामायनं डोळे मिटले.  रडेल असं मला वाटलं, शिव्या देईल, माझ्या तोंडात मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं यातलं काही केलं नाही.

“हां,” ती म्हणाली. “आता माझं पोरगं बोललं.”

ती उठली, कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली. पितराला नवा टॉवेल-टोपी देतात. तिनं माझ्या खांद्यावर माझाच गमछा ठेवला. धुतलेला, घडी घातलेला. लाल टाके वर येतील असा. मग घागरीतून आणखी एक तांब्या भरला आणि तो मला पूर्ण प्यायला लावला. पोटाला तड लागली तरी प्यायला लावला.

आप्पा पानं घेऊन आले.

“झालं का तिसरं विचारून? वाढ मग. भुकेनं डोळे फिरू राहिले माझे.”

“तुम्ही बसा जेवायला,” ती म्हणाली. “मला आज भूक नाही.”

आप्पा जेवत असताना ती मला दारापर्यंत सोडायला आली. उंबऱ्यात तिनं माझ्या खांद्यावरचा गमछा काढून घेतला आणि परत घडी घातली.

“हा इथंच राहील. पुढल्या आखाजीला ये, तेव्हा परत खांद्यावर घालीन.”

“पुढल्या? माणूस तर पहिल्याच घागरीला बसवतात ना, मायजी?”

“लोक बसवत असतील. मी दरसाल बसवणार. त्याची भागेपर्यंत.”

सत्तावीस वर्षं गेलो मी. लग्न झालं, पिठाची चक्की टाकली, पोरं झाली. आप्पा सहाव्या वर्षी वारले, मग घरात दोन घागरी भरू लागल्या. दर आखाजीला दुपारी मी त्या पाटावर. पाय धुणं, खांद्यावर तो गमछा, डांगराची पहिली फोड, तीनदा तोच प्रश्न. तिसऱ्या खेपेला, आप्पांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, आणि आप्पा गेल्यावर मोठ्यानं, मी म्हणायचो, “नाही भागली.” ती मान हलवायची, आणखी एक तांब्या पाजायची, आणि पितर तृप्त नाही म्हणून दिवसभर उपाशी राहायची. मला मात्र पोटभर जेवू घालायची. गावात कौतुक व्हायचं. “पोटचा गेला, पण लिलूला लेकासारखं धरलं बाईनं.” माझी बायको तर म्हणायची, “सख्खी मायसुद्धा लेकाचं इतकं करत नाही.” मी म्हणायचो, “हो ना.”

बायकोला मी कधीच काही सांगितलं नाही. कसं सांगणार? नवऱ्याच्या घशाखाली डांगर उतरत नाही, एवढं मात्र तिला कळलं होतं. ‘उष्ण पडतं त्यांना’ असं ती लोकांना सांगायची.

सत्ताविसाव्या आखाजीला सुपडामाय पार खंगली होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं. पुतण्याच्या बायकोनं स्वयंपाक करून ठेवला आणि ती आपल्या घरच्या घागरीला निघून गेली. डांगर मलाच कापावं लागलं. म्हातारीनं चाचपत फोड उचलली आणि माझ्या तोंडाऐवजी गालाला लावली. दोन वेळा विचारून झालं. ती पंख्यानं वारा घालत होती. मनात आलं, हिला आज उपास घडला तर ही उद्या उठायची नाही. सत्तावीस वर्षं झाली, आता कोणासाठी हे? तेव्हा मला तिची दया आली होती की माझाच मला कंटाळा आला होता, हे मात्र आजही सांगता येत नाही.

“तहान भागली का, डिगू?” तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

“भागली, माय,” मी म्हणालो. “आता भागली.”

पंखा थांबला. ती माझ्या दिशेनं बघत राहिली, त्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी. मग तिनं हात पुढं केला.

“वाढ मग मला.”

मला भरून आलं. घाईघाईनं ताट वाढलं, पोळीवर तूप घातलं, ताट तिच्या हाताशी ठेवलं. तिनं पोळीचा तुकडा मोडला, रसात बुडवला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा आखाजीच्या दिवशी तिच्या हातात घास होता. मी डोळे पुसले. वाटलं, सुटलो. दोघंही सुटलो.

घास तोंडाशी नेता नेता ती थांबली.

“निंबाखाली भिकनला असंच म्हणाला असशील, लिलू,” ती म्हणाली. “‘डिगू येऊ राहिला मागून.’ याच आवाजात.”

तिनं घास ताटात परत ठेवला, बोटं पदराला पुसली आणि ताट माझ्याकडं सरकवलं.

“गाईला घाल.”

मी ताट गोठ्यात नेलं, गाईपुढं ठेवलं. परत आलो तर ती भिंतीला टेकून बसली होती. गमछा माझ्या खांद्यावरच होता. पार विरला होता, लाल टाके तेवढे धड होते. नेहमीसारखा काढून मी तिच्या हातात दिला, तर तिनं तो चाचपला, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

“घेऊन जा,” ती म्हणाली. “आता मी काही विचारणार नाही.”

आखाजीपासून बाराव्या दिवशी ती गेली. गमछा माझ्या चक्कीत खुंटीला आहे, आणि खरंच, त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही.